दोन मुठी हिरवा रंग

हिरवे मास्तर कुणालाच 'कसे आहात' असं विचारत नसत. ते आधी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग रंग सांगत. "वहिनी, आज डोळ्यांखाली जांभळं उतरलंय." "दादा, कपाळ विटकरी झालंय, कुणाशी भांडून आलात?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या नवऱ्याला वाटलं, भाडेकरू पिऊन आलाय. मास्तर चहाशिवाय काही पीत नव्हते. पण कपाळाचं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. नवरा त्या दिवशी बांधावरून भावाशी भांडून आला होता.

त्यांचं आडनाव हिरवे नव्हतं. ते घाटावरचे, वसईकडच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. जूचंद्रला आमच्या घराच्या मागच्या खोलीत ते नऊ वर्षं राहिले. आल्या आल्या त्यांनी गावच्या शाळेच्या भिंतीवर पाणी भरणाऱ्या बायका काढल्या आणि सगळ्यांचे चेहरे हिरवे रंगवले. लोक बघायला जमले आणि हसून हसून परत गेले. आठ दिवसांत भिंतीला चुना मारला गेला. चित्र गेलं, पण 'हिरवे मास्तर' हे नाव कायमचं चिकटलं. मास्तरांनी त्याचा राग धरला नाही. कुणी रस्त्यात "ओ हिरवे" म्हणून हाक मारली तरी ते वळून बघायचे आणि त्यालाही त्याचा रंग सांगायचे.

मी चौथी शिकले. आमच्या गावच्या मुली त्या काळी चौथी झाल्या की मिठागरावर जायच्या, तशी मीही गेले. चित्र म्हणजे कॅलेंडरवरची लक्ष्मी आणि रांगोळी म्हणजे दारातले ठिपके, एवढंच मला माहीत. त्यामुळे मास्तरांचं वागणं बघून मला हसूही यायचं आणि रागही यायचा. ते ब्रश माझ्या चहाच्या ग्लासात बुडवायचे. मासळी रंग बघून घ्यायचे. एकदा सोन्यासारखी चमकते म्हणून मांदेली घेऊन आले आणि ती ताटात मांडून चित्र काढत बसले.

"मास्तर, मासे खायचे असतात, बघायचे नसतात," मी म्हणाले.

"आधी बघतो वहिनी, मग खातो."

"तवर मांजर खाईल."

मांजराने खाल्लीच. मास्तर माझ्याकडे आमटी मागायला आले तेव्हा म्हणाले, "चित्र मात्र झालं." मला वाटलं, ह्या माणसाला एक थप्पड मारावी आणि वर दोन भाकऱ्या वाढाव्यात. भाकऱ्या वाढल्या.

एक रंग मीही त्यांना दाखवला आहे, हे सांगायला हवं. मिठागराचं पाणी उन्हात आटत जातं, मीठ धरायच्या आधी ते गुलाबी होतं. तांबूस गुलाबी, गावठी पेरूच्या गरासारखं. मी लहानपणापासून त्यात पाय घालून उभी राहिले, मला त्याचं काही वाटत नव्हतं. बोलता बोलता मी ते सांगितलं, तर मास्तर दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून बांधावर जाऊन उभे राहिले. दुपारी परत आले तेव्हा मान भाजून निघाली होती. म्हणाले, "वहिनी, तुम्ही आयुष्यभर ह्यात उभ्या होतात आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोनाला सांगू? पाय चिरतात त्यात, मास्तर. रंग बघायला कोन जातंय?"

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी काही शहाणपणाचं बोलले होते असं मला तरी वाटलं नव्हतं.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक छापील चित्र होतं. जुन्या पुस्तकातलं पान, काचेत बसवलेलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परदेशात कुणीतरी काढलेलं. संध्याकाळची वेळ, एका मोठ्या इमारतीच्या पायऱ्यांवरून पुष्कळ माणसं खाली उतरतायत. आकाश नारिंगी, नुसते फटकारे मारल्यासारखं. माणसांचे चेहरे पिवळे, पिठाच्या गोळ्यासारखे, आणि डोळ्यांच्या जागी भोकं. सगळ्यात पुढे काळ्या कपड्यातली एक बाई, तिचा चेहरा मात्र हिरवा. मी खोली झाडायला जायचे तेव्हा त्या चित्राकडे पाठ करायचे. एक दिवस मी विचारलंच.

"हिला कावीळ झालीय काय?"

"नाही. हिचं कुणीतरी गेलंय," मास्तर म्हणाले.

"चित्रात कुठं लिवलंय तसं?"

"बाकीच्यांकडे बघा. एवढी माणसं उतरतायत, एकजण तरी तिच्याकडे बघतोय का?"

मी बघितलं. कुणी बघत नव्हतं. आमच्याकडेही बाराव्यानंतर लोक असेच बघायचं बंद करतात.

"आनि आकाश असं पेटल्यासारखं का?"

"तिला ते तसं वाटतंय म्हणून. ह्या चित्रकारांचं म्हणणं असं, की माणूस दिसतो तसा काढायला फोटो आहे. आपण त्याच्या आत जे चाललंय त्याचा रंग काढायचा."

"मंग तिला इचारून काढला का?"

मास्तर खूप हसले. आणि मलाच काम लावलं. "आता तिच्या रंगाचा दुसरा माणूस शोधा. आहे ह्यात." मी झाडू खाली ठेवला आणि चित्राला नाक लावून बघत राहिले. शेवटी सापडला. अगदी मागे, वरच्या पायरीवर कठड्याला धरून एक म्हातारा उभा होता, करंगळीच्या नखाएवढा. त्याचाही चेहरा तसाच हिरवा.

"हा. हा बाप असंल तिचा."

मास्तरांनी टाळी वाजवली. "वर्गातल्या पोरांना हे सांगूनही दिसत नाही, वहिनी! एका रंगाची माणसं एकमेकांची असतात. चित्रात कितीही लांब उभी केली तरी."

त्या दिवशी मी फुशारून गेले होते. नवऱ्याला सांगितलं, धाकट्या मुलाला सांगितलं, थोरल्या सुनेला, कल्पनाला, तर खोलीत नेऊन तो म्हातारा दाखवला. कल्पना चांदीपची, शेतकऱ्याची मुलगी, बोलायला कमी. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हा खाली का नाही येत हिच्याजवळ?" मी म्हणाले, "गुडघे दुखत असतील."

त्यानंतर दोन वर्षांनी माझा थोरला गेला. हायवेवर, मोटरसायकलवरून कामावर जाताना. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. त्याची मुलगी मानसी तेव्हा पाच वर्षांची होती. माणसं आली, रडली, जेवली, गेली. मी रडले नाही. मला घर चालवायचं होतं, नवरा अंथरुणाला लागल्यासारखा झाला होता. मास्तर तेराव्यानंतर दारात आले. बाकीच्यांसारखं 'देवाची मर्जी' वगैरे काही बोलले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "वहिनी, हिरवं साचलंय. रडून घ्या."

मी म्हणाले, "तुमचे रंग तुमच्या खोलीत ठेवा."

ते गेले. मी दार लावलं आणि तांदूळ निवडायला बसले.

पुढच्या वर्षी धाकट्याचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवात सगळ्या बायका पिवळ्या साड्या नेसून येतात, धवले म्हणणारी बाई लग्नाची गाणी धरते, वडे तळले जातात, सगळा गाव जेवतो. माझ्या घरात वर्षाने आनंद येत होता आणि मला त्याची भीती वाटत होती. कुणी काही बोलेल, काही अपशकुन होईल, हा एक उरलाय त्याला काही होईल. ही भीती मी कुणाला सांगितली नाही. माझ्या शेजारणीने, गुलाबबायने, मात्र कानात सांगितलं, "बाय, सुनेला सांभाल हां. पयली हळद सवाष्णीची." मी म्हणाले, मला अक्कल शिकवू नको.

आणि मग तेच केलं. कल्पना हळदीचं ताट घेऊन माजघरातून बाहेर आली. तिनेही पिवळी साडी नेसली होती. तिला कुणी नेस म्हणून सांगितलं नव्हतं आणि नेसू नको असंही सांगितलं नव्हतं. ताट तिनेच सकाळपासून बसून तयार केलं होतं, हळद तिनेच कालवली होती. ती उंबऱ्यात आली आणि मी उजवा हात चौकटीला आडवा लावला. सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "तू नको. ताट इकडं दे, तू आत भांडी बघ."

तिने ताट दिलं. उंबऱ्याच्या आतच तशी थोडा वेळ उभी राहिली, हात रिकामे, आणि मग आत वळली. धवलेवाली एक ओळ चुकली आणि पुन्हा पुढे गेली. मांडवाच्या खांबाशी मास्तर हातात वड्यांची पत्रावळ घेऊन उभे होते. ते खात नव्हते. त्या दिवशी त्यांनी मला माझा रंग सांगितला नाही.

आता जूचंद्रच्या रांगोळीविषयी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गावची मुलं-मुली दिवाळीत रांगोळीने माणसं काढतात, जमिनीवर, अगदी फोटोसारखी. सुरकुत्या, केस, डोळ्यातलं पाणीसुद्धा. मुंबईहून लोक बघायला येतात आणि म्हणतात, हात लावून बघावंसं वाटतं. आमच्याकडे रांगोळी चांगली म्हणजे हुबेहूब. मास्तर त्या मुलांना शिकवायचे, हात धरून सावल्या भरायला लावायचे, पण स्वतः कधी जागा मागायचे नाहीत. त्या हळदीनंतरच्या दिवाळीत त्यांनी प्रदर्शनाच्या हॉलच्या कोपऱ्यात जागा मागितली.

रंग त्यांनी माझ्याच ओटीवर कालवले. पांढऱ्या रांगोळीत रंगाची पूड घालायची, हाताने चोळायची, मग चाळायची. चाळणी माझी होती, रव्याची. चाळायला मीच बसले होते. पिवळ्याची अख्खी परात भरली. तो मिठागराचा गुलाबी त्यांनी तीनदा फेकून चौथ्यांदा जमवला. हिरवा काढला तेव्हा मी विचारलं, "ह्याची पन परात करू?"

"नको. दोन मुठी पुरे. दोनच चेहरे आहेत."

कुणाचे, ते मी विचारलं नाही. मला स्वयंपाकाची घाई होती.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी गुलाबबाय नळावर मोठ्याने म्हणाली, "अगो बाय, हॉलमदी जाऊन ये जरा. मास्तरांनी तुजी हडळ केलीय. सगला गाव वळखतंय." बायका हसल्या. मी हंडा तिथेच ठेवला.

घरी येऊन मी खराटा घेतला आणि तशीच गेले. दुपारची वेळ, मुलं जेवायला गेली होती, हॉल रिकामा होता. कोपऱ्यात आमचा मांडव होता. वर मिठागराचं गुलाबी आकाश. पिवळ्या बायका, पिवळे चेहरे, गाणं म्हणत असल्यासारखी उघडी तोंडं आणि डोळ्यांच्या जागी भोकं. एका बाजूला निळ्याकाळ्या दारात हिरव्या चेहऱ्याची बाई, हात पुढे, हातात काही नाही. आणि मधोमध एक हात. माणसाच्या हाताच्या तिप्पट मोठा, फांदीसारखा आडवा. त्या हातावर विंचू गोंदलेला.

विंचू माझ्याच हातावर आहे. आईने मी आठ वर्षांची असताना गोंदवून घेतला. मिठागरावर सगळे मला विंचूवाली म्हणायचे. मी तो हात बघितला, विंचू बघितला, पुढचं काही बघितलं नाही. खराटा त्या हातावर मारला. मग पिवळ्या बायकांवर. मग दारावर. सगळं मिसळून मातीसारखं झालं. मी रागाने थरथरत होते असं मी पुढे लोकांना सांगितलं. ते खरं नाही. हात अगदी शांत होता. अंगण झाडावं तसं मी झाडत होते.

मास्तर चहाचा ग्लास घेऊन आत आले. ते थांबले. ओरडले नाहीत. म्हणाले, "वहिनी, चपला बाहेर काढा. बाजूच्या पोरीचं काम खराब होईल."

मी खाली बघितलं. माझा पाय शेजारच्या रांगोळीच्या कडेवर होता. त्या मुलीने तीन दिवस बसून आपल्या आजोबांचा चेहरा काढला होता. मी पाय उचलला, चपला हातात घेतल्या आणि बाहेर आले. मागे वळून बघितलं तेव्हा मास्तर गुडघ्यावर बसून, माझा पाय पडला होता ती कड नीट करत होते. स्वतःच्या रांगोळीकडे त्यांनी बघितलंही नव्हतं.

आठ दिवसांत त्यांनी खोली सोडली. जाताना दारात आले आणि म्हणाले, "तुम्हाला विचारून काढायला हवं होतं. चुकलं माझं."

त्यांनी माफी मागितली आणि मी ती घेतली. वर म्हणाले, "मंग आता कशाला सांगता?" माझ्या नवऱ्याला त्यांनी नमस्कार केला, मानसीच्या डोक्यावर हात ठेवला. कल्पना मागच्या दारात उभी होती, तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. टेम्पोत ते चित्र, पायऱ्यांवरच्या माणसांचं, त्यांनी मांडीवर घेतलं होतं. मी गावात सांगितलं की मास्तरांची बदली झाली. गुलाबबायला सांगितलं की मीच काढलं त्यांना. दोन्ही खोटं, आणि दोन्ही सांगताना मला बरं वाटत होतं.

ह्याला सतरा वर्षं झाली. कल्पना त्याच वर्षी गोखिवऱ्याच्या एका कंपनीत लागली, प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं बसवायच्या कामाला. तिने मुलीला शिकवलं. मला कधी उलट बोलली नाही, आणि कामापलीकडे काही बोललीही नाही. दर शनिवारी ती दोन भाकऱ्या आणि सुकट जास्त करायची आणि डब्यात घालून न्यायची. मी समजत होते, कंपनीतल्या कुणा मैत्रिणीसाठी. माझा नवरा गेला, धाकटा विरारला फ्लॅट घेऊन राहायला गेला. घरात आम्ही तिघी उरलो.

गेल्या वर्षी एका शनिवारी कल्पना भरलेला डबा तसाच परत घेऊन आली. ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "मास्तर गेले."

"कोन मास्तर?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

ते गोखिवऱ्यालाच राहत होते. कंपनीच्या मागच्या चाळीत, एक खोली घेऊन. कल्पनाला ते पहिल्याच वर्षी रस्त्यात भेटले होते. सोळा वर्षं ती त्यांना शनिवारची भाकरी नेत होती, माझ्याच चुलीवर भाजलेली. त्यांचं कुणी नव्हतं म्हणून खोलीही तिनेच रिकामी केली. ब्रश, वह्या कुणाकुणाला दिल्या आणि दोन वस्तू घरी आणल्या. एक ते पायऱ्यांचं चित्र, काच तडकलेली. दुसरं एक पाकीट, फोटोंचं. मास्तर प्रत्येक रांगोळीचा फोटो काढून ठेवायचे, कारण रांगोळी चार दिवसांत जाते.

तिने एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला आणि भाजी चिरायला बसली.

मी चष्मा लावला. गुलाबी आकाश, पिवळ्या बायका, दारातली हिरवी बाई. तो हात, तो विंचू. सोळा वर्षांनीही पहिली नजर तिथेच गेली. मग मी हातावरून वर गेले. खांदा. पदर. मान. आणि चेहरा. माझाच चेहरा, नाक तर अगदी माझं. हिरवा.

पिवळ्या बायकांत मी पिवळी नव्हते. हडळही नव्हते. मी दारातल्या बाईच्या रंगाची होते, त्याच रंगाची, काडीचाही फरक नाही. असणार कसा? एकाच वेळी कालवलेला, माझ्याच चाळणीतून चाळलेला. दोन मुठी. मी अंगठ्याने मधला हात झाकून बघितला. हात झाकला की दोघी एकमेकींच्या शेजारी उभ्या होत्या.

परदेशातल्या त्या चित्रात, नखाएवढा म्हातारा मी शोधून काढला होता आणि त्यावर गावभर मिरवले होते. स्वतःच्या दारात मला माझं तोंड ओळखता आलं नाही. मास्तरांनी मला बघायला शिकवलं होतं, आणि जिथे बघायला पाहिजे होतं तिथे मी खराटा घेऊन गेले.

"तुला म्हाईत व्हतं?" मी कल्पनाला विचारलं.

"पहिल्या दिवशीच बघून आले होते."

"मंग मना का नाय सांगितलंस?"

"तुम्ही खराटा घेऊन गेलात, आई. विचारलंत कुठं?"

ती भेंडी चिरत राहिली. मी फोटो पदराने पुसला. मग विचारलं, "मास्तर माज्याबद्दल काय बोलायचे?"

"दर शनिवारी विचारायचे. वहिनींचा रंग काय म्हणतोय."

"आनि तू काय सांगायचीस?"

"हिरवाच आहे म्हणायचे." तिने सुरी खाली ठेवली. "ते म्हणायचे, मग जेवायला वाढत जा त्यांना वेळेवर."

गोखिवरं इथून किती लांब आहे? रिक्षाने जाऊन संध्याकाळच्या आत परत येता आलं असतं. सोळा वर्षांत मी गेले नाही. मला पत्ता माहीत नव्हता हे खरं, पण मी कुणाला विचारलाही नव्हता. माफी मागणं राहून गेलं असं लोक म्हणतात. माझं राहून गेलं नाही. मी मागितली नाही.

ह्या मे महिन्यात मानसीचं लग्न झालं. हळदीच्या आदल्या दिवशी मी तो फोटो मोठा करून आणला, फ्रेम केला आणि धाकट्याला सांगून मांडवात, दाराच्या बाजूला, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा लावून घेतला. धाकटा म्हणाला, "आई, लगीनघरात हे काय?" मी म्हणाले, ठोक खिळा. गुलाबबाय काठी टेकत आली, फोटोसमोर थांबली, माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत जाऊन बसली. तिला बोलायला काही उरलं नव्हतं, तिनेच तर मला ते बघायला पाठवलं होतं.

हळदीची वेळ झाली. धवलेवाली आता वेगळी आहे, जुनीची सून. म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. घरात मोठी मी, आणि मुलीची आई ही अशी. मी घसा साफ करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कल्पना, ये. पयली हळद तुजी."

कल्पना म्हणाली, "मला माहीत आहे, आई. ताट माझ्याच हातात आहे."

ती माझ्यासमोरून उंबरा ओलांडून गेली. मी परवानगी दिली असं मला म्हणायचं होतं, पण तिने ती मागितलीच नव्हती. मी हात पदराखाली घेतला आणि बाजूला झाले.

मानसीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यातली एक, नव्या बिल्डिंगींमध्ये राहणारी, फोटोसमोर बराच वेळ उभी होती. मी शेजारीच खुर्ची टाकून बसले होते.

"आजी, हे पेंटिंग किती वेगळं आहे. ह्या दोघी सिस्टर्स आहेत का?"

"कशावरून?"

"बाकी सगळ्या यलो आहेत ना. ह्या दोघीच ग्रीन. म्हणजे एकमेकींच्या कुणीतरी असणार."

मी म्हणाले, "सासू-सून."

"ओह." तिने अजून जवळ जाऊन बघितलं. "मग हा हात मध्ये आडवा का आहे?"

मी पदर मागे घेतला आणि माझा हात तिच्यापुढे धरला. कातडी सैल पडलीय, विंचू आता नीट ओळखू येत नाही, पण तिला आला. तिने फोटोकडे बघितलं, परत माझ्या हाताकडे.

"अक्कल नव्हती म्हणून," मी म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. मी हसले नाही.